कार्ल बेन्झ : गाडी बनवणारा आणि गाडी चालवणारी

मर्सिडीज हा शब्द आपल्या हॉस्टेलवर दिवसातून एकदा तरी कानावर पडतोच. कॅम्पसमध्ये कोणाची निवड झाली की पार्टीनंतरचा दुसरा प्रश्न ठरलेला, मर्सिडीज कधी घेतोस? कपाटाच्या दारावर पोस्टर तिचं, मोबाईलच्या स्क्रीनवर फोटो तिचा. पण मर्सिडीज-बेन्झ या जोडनावातला बेन्झ कोण, असं मी आमच्या मजल्यावर विचारलं, तेव्हा एकीने ते इंजिनाचं नाव असल्याचं सांगितलं आणि दुसरीने जर्मनीतल्या गावाचं. आणि आम्ही सगळ्या मेकॅनिकलच्या! तेव्हाच ठरवलं की या वर्षी मराठी विभागासाठी कार्ल बेन्झवर लिहायचं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, घर सायखेड्याला. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि वर्कशॉपमध्ये दोन्हींची मिसळ. लेखाची भाषाही तशीच असणार, सांभाळून घ्या.

कार्लचा जन्म २५ नोव्हेंबर १८४४ चा. गाव म्यूलबुर्ग, कार्लस्रूए शहराला लागून, आजच्या जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात. वडील रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर. तेव्हा रेल्वे नुकतीच आलेली, त्यामुळे इंजिन ड्रायव्हरला आजच्या पायलटसारखा मान होता. पण कार्ल दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच वडील न्यूमोनियाने गेले. आई जोसेफीन हिने एकटीने, ओढाताण करत मुलाला वाढवलं. मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी अशी तिची इच्छा. आपल्याकडच्या आयांपेक्षा ती काही वेगळी नव्हती! मुलगा मात्र लोकांची घड्याळं उघडून बसायचा आणि ती दुरुस्त करून चार पैसे मिळवायचा. शेवटी आईने हट्ट सोडला आणि १८६० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी कार्ल कार्लस्रूएच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला.

तिथे त्याला यंत्रशास्त्र शिकवायला फर्डिनांड रेडटेनबाखर होते. १८६३ मध्ये ते वारले आणि त्यांच्या जागी फ्रान्झ ग्राशोफ आले. हीट ट्रान्स्फरच्या पेपरला आपण जो ग्राशोफ नंबर पाठ करून जातो ना, तो याच सरांच्या नावाचा. १८६४ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना कार्ल पास होऊन बाहेर पडला. म्हणजे आपण सेकंड इयरच्या केटी सोडवत असतो त्या वयात!

पुढची काही वर्षे नोकऱ्या बदलण्यात गेली. कार्लस्रूएला मशीनच्या कारखान्यात, मानहाइमला वजनकाटे बनवणाऱ्याकडे, फोर्झहाइमला पूल बांधणाऱ्या कंपनीत, मध्येच व्हिएन्नाला. कुठेच मन रमलं नाही. डोक्यात एकच विचार घोळत होता : वडिलांचं इंजिन रुळावर धावतं, मग घोड्याशिवायची गाडी साध्या रस्त्यावर का धावू नये?

१८७१ मध्ये त्याने आउगुस्ट रिटर नावाच्या भागीदाराबरोबर मानहाइमला छोटं वर्कशॉप काढलं. भागीदार बेभरवशाचा निघाला. पहिल्याच वर्षी अवजारं जप्त होण्याची पाळी आली. इथे या गोष्टीत बर्था येते, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

बर्था रिंगर फोर्झहाइमची. जन्म ३ मे १८४९. वडील बांधकामाच्या धंद्यातले, घर खाऊनपिऊन सुखी. तिच्या जन्माची नोंद करताना घरच्या बायबलमध्ये पुन्हा मुलगीच झाल्याची खंत लिहिलेली तिने मोठेपणी वाचली, असं सांगतात. आपल्याकडे मुलीचं नाव नकोशी ठेवायचे, त्यातलाच प्रकार. १८७० मध्ये तिचं कार्लशी लग्न ठरलं होतं. वर्कशॉप बुडायला आलंय हे कळल्यावर तिने आपला हुंडा लग्नाआधीच वडिलांकडून मागून घेतला आणि त्यातून रिटरचा हिस्सा विकत घेतला गेला. हुंड्याच्या पैशाने नवऱ्याने गाडी घेतल्याची उदाहरणं आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील. इथे हुंड्याच्या पैशाने गाडीचा शोध लागला! जुलै १८७२ मध्ये दोघांचं लग्न झालं. गंमत बघा, लग्नाआधी ती हे पैसे स्वतःच्या मर्जीने गुंतवू शकली. लग्न झाल्यावर त्या काळच्या कायद्याप्रमाणे धंद्याच्या व्यवहारात तिच्या शब्दाला किंमत उरली नाही. पुढे पेटंट निघालं ते एकट्या कार्लच्या नावावर.

आता थोडं टेक्निकल. चार स्ट्रोकच्या इंजिनाचं पेटंट निकोलाउस ऑटोकडे होतं, म्हणून बेन्झने दोन स्ट्रोकचं इंजिन करायला घेतलं. धंदा मंद, घरात मुलं लहान आणि इंजिन काही केल्या सलग चालेना. १८७९ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री जेवणं झाल्यावर बर्थाने आग्रह केला, चला, अजून एकदा बघू. दोघं वर्कशॉपमध्ये गेले आणि त्या रात्री इंजिन चालू झालं ते बंद पडेना. आपण थर्टी फर्स्टला काय करतो ते इथे लिहीत नाही, रेक्टर मॅडमही हे मॅगझिन वाचतात.

१८८२ मध्ये भांडवलासाठी कंपनी काढली, तिच्यात बेन्झच्या वाट्याला जेमतेम ५ टक्के हिस्सा आला. त्याच्या म्हणण्याला किंमत नव्हती. पुढच्याच वर्षी तो बाहेर पडला आणि माक्स रोझे व फ्रीड्रिख एस्लिंगर या दोघांबरोबर १८८३ मध्ये बेन्झ अँड कंपनी सुरू झाली. एका जागी बसवायची गॅस इंजिनं विकून पैसा यायला लागला आणि त्या पैशावर बेन्झ आपल्या बिनघोड्याच्या गाडीचं काम करू लागला.

१८८५ मध्ये गाडी तयार झाली. तीन चाकं, सायकलसारखी तारांची. स्टीलच्या नळ्यांची फ्रेम. मागे आडवं पडलेलं एक सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन, ९५४ सीसी. ताकद पाऊण हॉर्सपॉवर, तीही ४०० आरपीएमला. आपल्या साध्या स्कूटीची ताकद याच्या कितीतरी पट! वेग ताशी १६ किलोमीटर. बेन्झने जुन्या घोडागाडीला इंजिन लावलं नाही. इंजिन, फ्रेम, ठिणगी, पाणी, पट्टा, चेन, डिफरन्शियल हे सगळं एकमेकांसाठी म्हणून डिझाइन केलं, हे त्याचं मोठेपण. तीन चाकं का, तर पुढची दोन चाकं वळणावर वेगवेगळ्या कोनात कशी फिरवायची हे गणित त्याला तेव्हा सुटलं नव्हतं. ते न सोडवता अर्धवट चार चाकं लावण्यापेक्षा त्याने एकच चाक लावलं. फ्लायव्हील आडवं ठेवलं, कारण उभं ठेवलं तर जायरोस्कोपिक इफेक्टने स्टिअरिंग बिघडेल अशी त्याला शंका होती. वायवाला हा प्रश्न येऊ शकतो, लक्षात ठेवा.

२९ जानेवारी १८८६ ला पेटंटचा अर्ज गेला. जर्मन पेटंट क्रमांक ३७४३५. मोटारीचा जन्मदाखला म्हणतात तो हाच. ३ जुलै १८८६ ला मानहाइमच्या रस्त्यावर गाडी लोकांसमोर चालली आणि वर्तमानपत्रात बातमी आली.

आणि पुढे काय झालं? काहीच नाही. दोन वर्षे गाडी जवळजवळ कोणी विकत घेतली नाही. लोकांना ते फटफट आवाज करणारं, धूर सोडणारं खेळणं वाटायचं. बेन्झ स्वभावाने अतिशय चिकित्सक. अजून हे सुधारायचं आहे, अजून ते बदलायचं आहे, असं म्हणत तो वर्कशॉपमध्येच अडकून राहिला. चाचण्या घ्यायच्या त्याही गावातल्या गावात. आपल्या फायनल इयर प्रोजेक्टसारखंच. लॅबमध्ये चालतंय, रिपोर्ट बाइंडिंग झालाय, एक्सटर्नलनी सही केली. पण बाहेर नेलं तर?

ऑगस्ट १८८८ च्या सुरुवातीला एका पहाटे बर्थाने नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली. बरोबर मोठी दोन मुलं, पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि जवळजवळ चौदाचा रिखार्ड. जायचं होतं माहेरी, मानहाइमहून फोर्झहाइमला. अंतर सुमारे १०६ किलोमीटर, म्हणजे नाशिक ते शिर्डीपेक्षा थोडं जास्तच. तोपर्यंत कोणीही मोटारीने इतकं लांब गेलेलं नव्हतं. रस्ता घोडागाड्यांच्या चाकोऱ्यांचा, वाटेत पंप नाही, गॅरेज नाही, नकाशा नाही, मोबाईल तर नाहीच.

त्या प्रवासाचा हिशोब इंजिनिअरच्या नजरेने मांडून बघा. इंधन संपलं, तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन घेतलं. ते तेव्हा डाग काढायला विकलं जायचं. ते दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून आज ओळखलं जातं. इंधनाची नळी तुंबली, तिने टोपीला लावायची लांब सुई काढून ती मोकळी केली. ठिणगीच्या वायरवरचं आवरण गेलं, तिथे पायमोज्याचा बंद गुंडाळून इन्सुलेशन केलं. पाणी तर दर थोड्या वेळाने भरावं लागायचं, विहीर दिसली की थांबा. चढावर पाऊण हॉर्सपॉवर पुरेना, मुलांना उतरून ढकलावं लागलं. उतारावर लाकडी ब्रेक झिजून गेले, तेव्हा तिने वाटेतल्या चांभाराकडून ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक लायनरची ती पणजी!

संध्याकाळी तिघं फोर्झहाइमला पोचले आणि तिने नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी ते त्याच गाडीने, वेगळ्या रस्त्याने घरी परत आले. येताना तिच्याजवळ तक्रारींची यादी होती. बेन्झने गाडीत चढासाठी आणखी एक गिअर बसवला. इथे मला बेन्झचंही कौतुक वाटतं. बायकोने न विचारता गाडी नेली म्हणून चिडून बसला असता तर मोटारीचा इतिहास कोणी दुसऱ्यानेच लिहिला असता. त्याने रस्त्यावरून आलेला रिपोर्ट ऐकला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. पॅरिसचा एमिल रॉजर एजंट म्हणून गाड्या विकायला लागला. मोटार विकत घेणारे लोक या जगात आहेत हे पहिल्यांदा सिद्ध झालं.

वळणाचं जे गणित अडलं होतं तेही सुटलं आणि १८९३ मध्ये चार चाकांची व्हिक्टोरिया आली. तिच्या एका मालकाचा अनुभव फार मजेचा आहे. बोहेमियातल्या रायखेनबर्गचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेत्सचा बॅरन थिओडोर फॉन लीबिग. १८९४ च्या जुलैमध्ये हा पठ्ठ्या व्हिक्टोरिया घेऊन निघाला, वाटेत मानहाइमला बेन्झला भेटला आणि मोझेल नदीकाठच्या गोंडॉर्फपर्यंत गेला. एकूण ९३९ किलोमीटर. त्याने खर्चाचा नीट हिशोब ठेवला. दर १०० किलोमीटरला सुमारे २१ लिटर पेट्रोल आणि दीडशे लिटरच्या आसपास पाणी! पाणी कशाला एवढं? कारण गाडीला रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवतीचं पाणी उकळायचं आणि वाफ होऊन हवेत जायचं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला २२५७ किलोज्यूल उष्णता लागते, तीच इंजिनाला थंड ठेवायची. थर्मोचा हा सगळा चॅप्टर त्या बॅरनने बादलीने पाणी ओतून शिकून घेतला. माझ्या माहितीतलं गाडीच्या मालकाने ठेवलेलं हे सगळ्यात जुनं मायलेजचं रेकॉर्ड.

१८९४ मध्येच छोटी, हलकी वेलो आली. १९०१ पर्यंत अशा सुमारे १२०० गाड्या विकल्या गेल्या. १८९९ या एका वर्षात बेन्झ कंपनीने ५७२ गाड्या बनवल्या आणि ती जगातली सर्वात मोठी मोटार कंपनी झाली. ज्या कारखान्याची अवजारं एकदा जप्त झाली होती, त्या माणसाची!

ठिणगीची डोकेदुखी मात्र बेन्झच्या पाठीमागे कायम राहिली. बॅटरी लवकर उतरायची, ठिणगी भरवशाची पडायची नाही. या दुखण्यावर पक्का इलाज पुढे श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या वर्कशॉपमधून आला, १९०२ च्या सुमाराचा हाय व्होल्टेज मॅग्नेटो. आपल्या सातपूरला ज्या कंपनीला अजून सगळे मायको म्हणतात, ती याच बॉशची. म्हणजे आपण इंडस्ट्रियल व्हिजिटला जातो तेव्हा या गोष्टीच्या एका पात्राच्या घरी जाऊन येतो.

आता गोष्टीची दुसरी बाजू. मानहाइमपासून फार लांब नाही अशा कानश्टाट गावात गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख याच काळात मोटारी बनवत होते. १८८६ मध्येच त्यांचीही चार चाकांची गाडी चालली होती. आश्चर्य म्हणजे बेन्झ आणि डाइमलर आयुष्यात एकमेकांना कधी भेटले नाहीत. डाइमलर १९०० मध्ये वारला. त्याच वर्षाअखेर मायबाखने एमिल येलिनेक नावाच्या श्रीमंत गिऱ्हाइकासाठी ३५ हॉर्सपॉवरची नवी गाडी बनवली. येलिनेक स्वतः गाड्या पळवायचा आणि विकायचाही. गाडी कशी हवी, हे तो कंपनीला पुन्हा पुन्हा कळवत असे : जास्त लांब, जास्त बुटकी, जास्त वेगवान. त्या गाडीला त्याने आपल्या मुलीचं नाव दिलं, मर्सिडीज. १९०१ मध्ये नीसच्या शर्यतीत तिने सगळ्यांना मागे टाकलं.

आणि बेन्झ? ज्या माणसाने १८८८ मध्ये बायकोचा रिपोर्ट ऐकून गाडी बदलली, तो आता साठीकडे झुकला होता. त्याला जास्त वेग म्हणजे विनाकारण धोका वाटायचा. पट्ट्यावर चालणारी, संथ, भरवशाची गाडीच बरोबर, हे त्याचं मत पक्कं झालं होतं. गिऱ्हाइकं मर्सिडीजकडे वळली, बेन्झचा खप झपाट्याने घसरला. तेव्हा कंपनीच्या विक्रीचं काम बघणाऱ्या यूलिउस गान्स याने परस्पर फ्रेंच डिझायनर आणून बसवले. बेन्झला ते सहन झालं नाही. १९०३ मध्ये आपलंच नाव असलेल्या कंपनीतून तो कामातून बाहेर पडला, फक्त देखरेख मंडळावर त्याचं नाव राहिलं. मला हा भाग वाचताना फार वाईट वाटलं. चूक कोणाची हे ठरवणं अवघड आहे. पण एवढं दिसतं, की गाडी वापरणारे काहीतरी सांगत होते आणि गाडी बनवणाऱ्याला ते ऐकू येणं बंद झालं होतं.

तो लाडेनबुर्ग या लहान गावी राहायला गेला. १९०६ मध्ये मुलांबरोबर सी. बेन्झ ज्योनं, म्हणजे बेन्झ आणि मुलगे, अशी छोटी कंपनी काढली. इकडे जुन्या कंपनीने त्याच्या नावाची ब्लिट्झन बेन्झ बनवली, जी १९११ मध्ये अमेरिकेत डेटोनाच्या किनाऱ्यावर ताशी २२८ किलोमीटरने धावली. वेगाला घाबरणाऱ्या माणसाचं नाव जगातल्या सगळ्यात वेगवान गाडीवर! १९१४ मध्ये त्याच्या जुन्या कॉलेजने, कार्लस्रूएने, त्याला मानद डॉक्टरेट दिली. पहिलं महायुद्ध झालं, जर्मनीत भयंकर महागाई आली, एकेकट्या कंपनीला टिकणं कठीण झालं आणि २८ जून १९२६ रोजी बेन्झ आणि डाइमलर या दोन जुन्या स्पर्धकांची एक कंपनी झाली. डाइमलरचा तारा आणि बेन्झची पानांची माळ एका वर्तुळात आली. गाडीचं नाव झालं मर्सिडीज-बेन्झ. ४ एप्रिल १९२९ ला लाडेनबुर्गच्या घरी कार्ल बेन्झ वारला, वय ८४.

बर्था त्यानंतरही पंधरा वर्षे जगली. कार्लस्रूएच्या ज्या कॉलेजात ती कधी विद्यार्थिनी म्हणून जाऊ शकली नसती, त्याने तिला मानद सिनेटर केलं ते तिच्या ९५ व्या वाढदिवशी, ३ मे १९४४ ला. दोन दिवसांनी, ५ मे ला ती गेली. आणि एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा इतिहास खरा होणार नाही. त्याच १९४४ साली तिच्या नवऱ्याचं नाव लावणाऱ्या कारखान्यांत काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक सक्तीने आणलेले मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले कैदी होते. पोस्टर लावताना हेही माहीत असावं असं मला वाटतं.

हा तारा आपल्याकडे कसा आला? कारमधून नाही, ट्रकवरून. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डाइमलर-बेन्झबरोबर करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेन्झ ट्रक तयार होऊ लागले. टेल्को मूळची रेल्वेची इंजिनं बनवणारी, आणि बेन्झचे वडील इंजिन ड्रायव्हर. करार १९६९ मध्ये संपला, ट्रकवरचा तारा जाऊन टाटांचं चिन्ह आलं. पण तारा असलेले जुने ट्रक पुढे कितीतरी वर्षे रस्त्यावर होते.

आमच्या सायखेड्यात पंच्याहत्तरीच्या आसपासचे एक बाबा आहेत. गोदाकाठच्या पट्ट्यातला कांदा भरून त्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला. सोळाव्या वर्षी क्लीनर म्हणून चढले ते तारेवाल्या ट्रकवरच. या लेखासाठी मी मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन बसले. बाबांना हॉर्सपॉवरचे आकडे आठवत नाहीत, पण गाडी अजून हातापायांत आहे. स्टिअरिंग इतकं जड, की उभ्या गाडीत फिरवायचं तर सीटवरून अर्धं उठावं लागे, आणि उन्हाळ्यात केबिनमध्ये पायाखाली ओलं गोणपाट टाकावं लागे. पण तेव्हाचे सगळेच ट्रक तसे, असं ते लगेच सांगतात. इंजिन मात्र गुणाचं. हायवेवरच्या कुठल्याही मिस्त्रीला ते पाठ, कुठेही उघडा, कुठेही बांधा. मुंबईला जाताना भरल्या गाडीने कसारा घाट उतरायचा, तर ब्रेकवर पाय देऊन बसायचं नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून उतरायची, नाहीतर लायनरचा जळका वास येतो आणि मग देवच आठवतो. मी त्यांना बर्थाची आणि चांभाराची गोष्ट सांगितली. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की ती बाई डोंगर उतरलेली असणार, सपाटीच्या माणसाला ब्रेक सुचत नाही. पुस्तकात वाचलेल्या गोष्टीला असा शेरा मला कुठे मिळाला नव्हता.

मर्सिडीजची कार आपल्याकडे बनायला लागली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. १९९४ मध्ये भारतात कंपनी स्थापन झाली, १९९५ मध्ये पिंपरीच्या टेल्को कारखान्यातून पहिली ई क्लास बाहेर पडली आणि २००९ मध्ये चाकणला स्वतंत्र कारखाना झाला. आपले कितीतरी सिनियर चाकणच्या पट्ट्यात नोकरीला आहेत. मानहाइमचं ते वर्कशॉप आणि चाकणची शॉप फ्लोअर यांच्यामध्ये सव्वाशे वर्षे आहेत, पण पहिल्या गाडीतली इंजिन, डिफरन्शियल, पाणी, ब्रेक ही यादी अजून आपल्या सिलॅबसमध्ये जशीच्या तशी आहे.

मी मुलगी म्हणून हे लिहिते आहे, असं कोणी म्हणेल. थोडं खरं आहे. आमच्या वर्गात मुली मोजक्या. वर्कशॉपमध्ये ग्रुपने जॉब करताना मुलींच्या हातात बऱ्याचदा पान्हा न येता जर्नल येतं, कारण आमचं अक्षर चांगलं! म्हणून बर्था मला जवळची वाटते. पण हा लेख फक्त मुलींसाठी नाही. बर्था इंजिनिअर नव्हती, तिने पेटंट लिहिलं नाही, सिलिंडर बोअर केला नाही. तिने गाडी वापरली, आणि काय मोडलं, काय तुंबलं, कुठे ढकलावं लागलं हे बनवणाऱ्याला सांगितलं. बेन्झ जोपर्यंत असं ऐकत होता तोपर्यंत जगाच्या पुढे होता.

आपल्याकडे वर्कशॉपच्या मागे ताडपत्रीखाली एक कांद्याची प्रतवारी करणारं मशीन पडून आहे. आधीच्या एका बॅचचं प्रोजेक्ट. डिझाइन चांगलं आहे, रिपोर्ट मी वाचला, मार्कही भरपूर मिळाले होते. पण रिपोर्टमध्ये कुठेही असं लिहिलेलं नाही, की खळ्यावर बसून दिवसभर कांदा निवडणाऱ्या एकाही बाईने ते मशीन चालवून बघितलं. हाताला कांदा लागताच गोल्टी बाजूला करणाऱ्या त्या बाया. मशीन कुठे कांदा सोलून काढतं, कुठे अडकतं, बसायची उंची कुठे चुकली, हे त्या पहिल्या तासात सांगतील.

सरांची परवानगी मागितली आहे. मिळाली तर दिवाळीनंतर ते मशीन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून सायखेड्याला नेणार आहे, आठ दिवस त्यांच्या ताब्यात द्यायला. ट्रॉली आमच्या घरची, डिझेलचा खर्च माझा. वही-पेन घेऊन खाली बसून ऐकायची ज्यांची तयारी असेल त्यांनी गर्ल्स हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर नाव लिहावं. मुलांनीही लिहायला हरकत नाही, वॉचमन काकांना सांगून ठेवलं आहे.